गार ग्लासातलं धुकं

परवा तू पाठवलेला फोटो मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. तुमच्या ओट्यावर उंच ग्लास, आणि त्यात तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी पिवळसर, गढूळ. खाली तू लिहिलं होतंस, "आजी, इतके दिवस खपून घरी बीअर केली. बाटलीत अगदी स्वच्छ होती. फ्रिजमध्ये ठेवली तर अशी झाली. फेकून देऊ का?" नातवाने आजीला असले प्रश्न विचारावेत हे तुझ्या आईला पटलं नाही. तूही थट्टेनेच विचारलं असणार. मला मात्र हसू आलं नाही. तो गढूळ ग्लास मी ओळखला.

"फेकू नकोस, थांब," एवढंच मी कळवलं. मग तू स्वतःच कारण शोधलंस आणि तेही पाठवलंस. ते मी शेवटाकडे लिहीन. मला गोष्टी ज्या क्रमाने कळल्या त्याच क्रमाने सांगायची माझी सवय आहे, आणि या वयात ती मोडणार नाही.

लग्न होऊन मी अंबरनाथला आले तेव्हा आमच्या क्वार्टर्स मोरिवलीच्या बाजूला होत्या. बैठी कौलारू घरं, मागे भाताची खाचरं. तुझे आजोबा कारखान्यात असिस्टंट इंजिनिअर होते. मी पुण्याला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्या शिक्षणाचा घरात उपयोग एवढाच, की रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या मी सासूबाईंना मराठीत सांगायची. पुढे आणखी एक उपयोग निघाला. नवी यंत्रं बसवायला युरोपातून एक साहेब आले होते. त्यांच्या मडमला इंग्रजी बेताचं, हिंदी मुळीच नाही. दूधवाला, धोबी, माळी, कोणाशीही बोलायचं झालं की ती मला बोलावणं पाठवायची. माझ्याहून थोडी मोठी, हसरी बाई. आमचं जमलं.

उल्हासनगरचा पाच नंबरचा कॅम्प आमच्यापासून चालत जाण्याइतका जवळ. लढाईच्या वेळच्या लष्करी बराकी आणि त्यांत सिंधमधून आलेली माणसं. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार-चार बिऱ्हाडं. तिथून एक बाई पापड घेऊन यायची. मी तिला भाभी म्हणायची. एकदा तिला ताप आला म्हणून तिचा नवरा पापड द्यायला आला. उंच माणूस, पन्नाशीकडे झुकलेला, कोट धुतलेला पण बिनइस्त्रीचा. कॅम्पात त्यांना सगळे साईं म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. ते मला अदी म्हणायचे. अदी म्हणजे ताई.

मी तेव्हा ओटीवर बसून मोड आणलेल्या मटकीचं फडकं सोडत होते. साईंनी पापडांची पिशवी ठेवली आणि विचारलं, "अदी, हाथ लगाऊं?" चिमूटभर मटकी तळहातावर घेऊन त्यांनी एकेक मोड नखाने सरळ केला.

"थोड़ा लंबा हो गया. हम इतना होने नहीं देते थे."

"तुमच्याकडे मटकी खातात?"

"मटकी नहीं. जौ."

मग कळलं की कराचीला बीअरच्या एका कारखान्यात त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली. जव भिजवायचे, ओल्या फरशीवर पसरायचे, मोड येऊ द्यायचे, ते नेमके कुठे थांबवायचे हे ठरवायचं आणि मग जव भट्टीवर वाळवायचे. वाळवलेल्या त्या जवांना माल्ट म्हणतात, आणि त्यापासून पुढे बीअर.

"म्हणजे आमच्या नाचणीच्या सत्त्वासारखंच की," मी म्हणाले.

"बस, वही. फर्क इतना, आप बच्चे को पिलाते हो, हम बाप को."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण गं कोणाच्या बापाला काय पाजतंय?"

त्या दिवशी आम्ही हसलो. पण घरी जायला निघताना साईंनी जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. मुंबई इलाख्यात दारूबंदी आली होती. या माणसाच्या हातात एकच विद्या होती, आणि ज्या मुलखात तो येऊन पडला तिथे ती विद्या म्हणजे गुन्हा. हातभट्टीवाले त्यांच्याकडे येऊन गेले होते. कसब तुमचं, गूळ-नवसागर आमचा, म्हणाले होते. साईंनी त्यांना हाकललं. "वो ज़हर है, अदी. मैं बीअर वाला हूं." हा फरक कायद्याला मान्य नव्हता. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तो नीट कळला नव्हता.

मी मडमला हे बोलता बोलता सांगितलं, मडमने साहेबांना. साहेबांचा एक मेहुणा दक्षिणेत, जिथे बंदी नव्हती अशा ठिकाणी, बीअरच्या कारखान्यात भागीदार होता. त्यांना माल्टवर देखरेख करणारा माणूस हवाच होता. थंडीत हा मेहुणा पुण्याला जाताना एक दुपार साहेबांकडे थांबणार होता. साईंची सगळी प्रशस्तिपत्रं कराचीत राहिली होती. तेव्हा साहेब म्हणाले, कागद नसू दे, त्याच्यापुढे एक ग्लास ठेवा. ग्लास बोलेल.

साहेबांकडे परदेशी म्हणून दारू पिण्याचा परवाना होता, पण घरी करायची परवानगी त्यातही नव्हती. पण त्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत डोकावणार कोण? तुझ्या आजोबांना मी विचारलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही.

"तू दुभाषी म्हणून जा. भांड्याला हात लावू नकोस."

"अहो, पण त्यांचं निम्मं बोलणं मलाही कळत नाही."

"मग निम्मंच सांग."

कल्याणहून जव आले. साईंनी ते ओल्या गोणपाटावर पसरले आणि रोज कॅम्पातून येऊन उलटेपालटे केले. मोड आले की दाणा दाताखाली धरून ऐकायचे. खरंच ऐकायचे, मान तिरकी करून. वाळवले, भरडले, कोमट पाण्यात मुरवले, आणि तो गोड काढा मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवला. आता त्यात हॉप्स हवेत. ही एका वेलीची कडवट फुलं, ती आपल्याकडे कुठून मिळणार? मडम आत गेली आणि एक लहानशी भरतकामाची उशी घेऊन आली. त्यांच्या देशात झोप यावी म्हणून उशीत ही वाळलेली फुलं भरतात. लग्नात तिच्या आईने दिलेली ती उशी. मडमने कात्रीने टाके उसवले. साईंनी फुलं हुंगली, डोळे मिटले, आणि सिंधीत काहीतरी म्हणाले. मी मडमला त्याचं भाषांतर करू शकले नाही. तिने मागितलंही नाही.

पाववाल्याकडून खमीर आलं. रस फसफसला, शांत झाला, गाळ खाली बसला. वरची नितळ बीअर साईंनी बाटल्यांत भरली आणि बाटल्या खोलीत उभ्या करून ठेवल्या. कोणी हलवायच्या नाहीत, कोणी उघडायच्या नाहीत. काही दिवसांनी त्यांनी एक बाटली हळूच उचलून खिडकीतल्या उन्हात धरली. मी आजवर इतका सुंदर रंग फक्त नव्या तांब्याच्या घंगाळात बघितलाय. पलीकडच्या आंब्याची पानं बाटलीतून स्पष्ट दिसत होती.

त्या आठवड्यात भाभी आली आणि म्हणाली, "अब पापड़ किसी और से बोल दो." तिने पापडाचा पाट-लाटणं शेजारणीला देऊन टाकलं होतं. साईंनी कॅम्पातल्या बाजारात मिळालेली दुकानाची जागाही सोडली होती. मी म्हणाले, "अहो, अजून पक्कं कुठे झालंय?" भाभी नुसती हसली. तिला नवऱ्याच्या हातावर भरवसा होता आणि मलाही होता. पाहुणा येण्याच्या आदल्या संध्याकाळी मडमने हौसेने सगळ्याच बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी साहेब म्हणाले, एक उघडून बघू. त्यांनी ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात केली. ग्लासात धुकं होतं. फेस छान आला होता, वासही छान, पण खाली ते तांबूस सोनं कुठेच नव्हतं. ग्लासामागचं साहेबांचं बोट दिसेना.

"हिलाया किसी ने?" साईंनी विचारलं.

कोणीच हलवली नव्हती. साईंनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. "स्वाद बराबर है." मग फ्रिजचं दार उघडून आत डोकं घालून वास घेतला. मडमला ते लागलं. ती मला पुन्हा पुन्हा सांगू लागली की तिने फ्रिज सोड्याने धुतला होता, हे त्यांना सांग. मी सांगितलं. साईं म्हणाले, त्यांचा दोष नाही, हे त्यांना सांगा. मी तेही सांगितलं. साहेबांनी तो ग्लास मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवून दिला आणि दुसरी बाटली उघडली. तीही तशीच.

आता तू म्हणशील, बाटल्या फ्रिजबाहेर का नाही काढल्या? बाळा, आम्ही उष्ण मुलखातली माणसं. दूध नासतं ते उन्हाने, वरण आंबतं ते उकाड्याने. बिघडायला लागलेली वस्तू गारव्यात ठेवायची, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. साहेबांना वाटलं बीअरला काही लागण झाली, साईंना वाटलं खमीर पुन्हा उठलं, मला वाटलं नासली. कारणं तिघांची तीन, पण उपाय एकच सुचला. मडमने बर्फाचे सगळे खण रिकामे केले, आणि उरलेल्या बाटल्या आम्ही बर्फात पुरल्या.

मग मला निवळी आठवली. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की सासूबाई निवळीचं बी सहाणेवर उगाळून हंड्यात फिरवायच्या आणि थोड्या वेळात गाळ तळाला जायचा. मी घरी धावले.

"काय गं, साहेबाची विहीर गढूळली का?" सासूबाईंनी विचारलं.

"विहीर नाही हो. एक काढा आहे, त्यात गाळ झालाय."

"मग तुरटी फिरव."

"तुरटीने चव जाईल."

त्यांनी डब्यातून बिया काढून दिल्या. "गाळ असला तर बसेल हो. जा."

मी निवळी उगाळली, जगमध्ये ओतलेल्या बीअरमध्ये टाकून हलक्या हाताने फिरवली, आणि जग बर्फावर ठेवून आम्ही चौघं त्याच्याकडे बघत राहिलो. फेस बसला. धुकं बसलं नाही. काही खाली जातच नव्हतं, कारण वेगळं असं काही दिसतच नव्हतं. सगळीकडे सारखाच पांढुरकेपणा. साईंनी कपाळाला हात लावला नाही की देवाचं नाव घेतलं नाही. कोटाची बटणं मात्र लावली, सोडली, पुन्हा लावली.

"कराचीत असं झालं की काय करायचात?" मी विचारलं.

"कराची में ऐसा हुआ ही नहीं, अदी." मग म्हणाले, "ठंडा तहखाना मेरे पास नहीं था. वो गोरे के पास. चाबी उसकी जेब में. अंदर हफ़्तों पड़ी रहती थी, बाहर आती थी तो शीशे जैसी."

त्या तळघरात काय व्हायचं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचं काम मोडाशी. गार होण्याचं काम दुसऱ्याचं.

मोटार फाटकात आली. पाहुणा गोरा, घामाघूम, सभ्य. साईंशी त्याने हात मिळवला. साहेबांनी बर्फातली बाटली उघडून ओतली. पाहुण्याने ग्लास उचलून उजेडात धरला आणि ओठांपर्यंत न नेता टेबलावर ठेवला.

"आमचं गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी पितं," असं तो इंग्रजीत म्हणाला. "गढूळ बाटली दुकानातून परत येते."

साईं माझ्याकडे बघत होते. मला ते सांगावं लागलं.

"उनसे कहो, चखें तो सही."

मी सांगितलं. पाहुण्याने मान हलवली. रागाने नव्हे, दवाखान्यात हलवतात तशी. साहेब म्हणाले, हा बीअर उतरवणारा नाही, माल्टवाला आहे, माल्ट बघ. साईंनी मूठभर माल्ट पुढे केलं. पाहुण्याने एक दाणा चावला, बरा आहे म्हणाला. पण त्याची नजर पुन्हा ग्लासाकडे गेली. मी मधे बसले होते. दोन्हीकडचे शब्द मला येत होते, आणि दोन्हीकडे उपयोगी पडेल असं एकही वाक्य मला सुचत नव्हतं. थोड्या इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मडमने केक आणला, आणि पाहुण्याची मोटार पुण्याच्या रस्त्याला लागली.

साईं मागच्या खोलीत गोणपाट गोळा करायला गेले. तिथून त्यांनी हाक मारली, "अदी. ज़रा आना."

खिडकीत दुपारपासून विसरलेला तो पहिला ग्लास होता. उन्हाची तिरीप त्याच्यावर आली होती. फेस गेला होता, आणि ग्लास तांब्यासारखा झळझळत होता. पलीकडच्या आंब्याचं पान न् पान दिसत होतं. तळाशी गाळ नव्हता. धुकं खाली बसलं नव्हतं, ते मुळी होतंच कुठे असं झालं होतं.

साहेब आले, मडम आली. साहेब फोनकडे गेले आणि वाटेतच थांबले. मोटार घाटाकडे निघाली होती. आणि गाठलं असतं तरी सांगणार काय? की कोमट असेपर्यंत आमची बीअर स्वच्छ असते? त्यांनी फोनवरचा हात काढून घेतला.

साईंनी ग्लास पुन्हा एकदा उजेडात धरला, आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. "स्वाद बराबर है," म्हणाले. ग्लास विसळून पालथा घातला आणि गोणपाटं खांद्यावर टाकून कॅम्पाच्या रस्त्याने गेले. मी फाटकापर्यंत गेले.

आता तू पाठवलेलं कारण. जवात प्रथिनं असतात. जवाच्या फोलात आणि हॉप्समध्ये तुरट द्रव्य असतं, चहात किंवा सुपारीत असतं तसलं. उबेत ती दोन्ही आपापली विरघळून राहतात. गारठा लागला की एकमेकांना सैलसर धरतात, आणि ते बारीक बारीक जोडलेले कण डोळ्यांना धुक्यासारखे दिसतात. पुन्हा ऊब मिळाली की हात सोडतात. नासणं नाही, लागण नाही. चवीलाही काही होत नाही. कारखान्यात बीअर आधीच खूप गार करून दिवसचे दिवस ठेवतात, धुकं येऊ देतात आणि गार असतानाच गाळून घेतात, म्हणजे मग तुमच्या घरी ते येत नाही. त्या बंद तळघरात इतकंच व्हायचं. कडक चहा फ्रिजमध्ये ठेवला की तोही असाच गढूळ होतो. तो तर मी कितीतरी वेळा बघितलाय, आणि कधी विचार केला नाही.

म्हणजे त्या दुपारी आम्ही त्या बाटल्या नुसत्या टेबलावर विसरलो असतो तरी पुरलं असतं. आम्ही त्यांना बर्फात पुरलं.

वर्षभरात साहेबांचं काम संपलं आणि ती दोघं मायदेशी गेली. दक्षिणेत दुसरा माणूस लागल्याचं त्याआधीच कळलं होतं. भाभीने शेजारणीकडून पाट-लाटणं परत मागून आणलं. साईंची दुकानाची जागा तोवर दुसऱ्याला मिळाली होती, म्हणून त्यांनी गोळीच्या सोड्याची हातगाडी काढली.

तुझे बाबा शाळेत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात त्यांच्यासाठी चपला घ्यायला मी त्यांना उल्हासनगरच्या बाजारात नेलं, आणि गाडीमागे साईं दिसले. केस पांढरे झाले होते. "अदी!" म्हणून त्यांनी स्टूल पुसून दिलं. शेजारच्या गाड्यांवर बर्फाच्या लाद्या होत्या आणि तिथे गर्दी होती. साईंच्या गाडीवर बर्फ नव्हता. मी विचारलं नाही.

त्यांनी लिंबू-सोड्याची एक बाटली काढली, धोतराच्या तुकड्याने पुसली, सूर्यासमोर धरून सावकाश फिरवली. पुन्हा एकदा फिरवली. मग अंगठ्याने गोळी आत दाबली आणि बाटली तुझ्या बाबांच्या हातात दिली.

"पी, बेटा. गरम है. मगर साफ़ है."